मुंगीची रेष

काटेआजोबांना पस्तीस वर्षांत एकाही ट्रक ड्रायव्हरने फसवलं नव्हतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, कारण ते स्वतःच ती आठवड्यातून दोनदा सांगत. ट्रक तोलायच्या मोठ्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी होती. गाडी आधी रिकामी काट्यावर चढायची, मग माल भरून चढायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मालाचं वजन. ऐकायला सोपं वाटतं, पण बारा गावचं पाणी प्यायलेले ड्रायव्हर रिकाम्या वजनाच्या वेळी क्लीनर, क्लीनरचा मेव्हणा आणि दोन पिंपं पाणी गाडीत ठेवून यायचे. रिकामी गाडी जड भरली की नंतर माल आपोआप हलका दिसतो आणि तेवढ्याचे पैसे वाचतात. आजोबा केबिनमध्ये डोकावायचे, मेव्हण्याला हाताला धरून खाली उतरवायचे आणि वर त्याच्या घरच्यांची खुशाली विचारायचे.

निवृत्तीनंतर काटा सुटला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरात भाजी आली की आजोबा पिशवी एका बोटावर तोलून बघत आणि "पाऊण किलो, फार तर आठशे" असं पुटपुटत. त्यांची सून दवाखान्यात नर्स होती. दिवसभर रुग्णांची नाडी धरून दमलेली ती बाई एकदा म्हणाली, "बाबा, ही भाजी आहे, चोरीचा माल नाही."

या घरात सात वर्षांची होऊ घातलेली एक नात होती. ती वयाच्या मानाने इतकी लहानखुरी होती की सगळे तिला मुंगी म्हणत. गेल्या वर्षी तिचा वाढदिवस मागच्या पटांगणात झाला. हॉल, जादूगार आणि फुग्यांची कमान परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी सूनबाईने घेतली नसती. आसपासची लहानमोठी मुलं आली आणि शर्यती लावल्या. मुंगी प्रत्येक शर्यतीत शेवटची आली. शेवटी शेजारच्या वायरमनचा मुलगा, ज्याला सगळे लांब्या म्हणत, त्याला दया आली. रेषेच्या दोन पावलं अलीकडे तो गुडघा धरून बसला आणि गोड हसला. मुंगी पहिली आली. तिने बक्षिसाची कंपासपेटी घेतली, लांब्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि ती पेटी त्याच्या छातीवर फेकून मारली. मग ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. केक कापला तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. लांब्यानेही त्या दिवशी ठरवलं की पुन्हा कुणावर उपकार करायला जायचं नाही.

यंदा वाढदिवस आठ दिवसांवर आला तेव्हा मुंगी आजोबांच्या खाटेवर येऊन बसली.

"मला वाढदिवस नको."

"का गं?"

"मी शेवटचीच येते. नाहीतर कोणीतरी मुद्दाम हरतं."

"आणि कोणीच मुद्दाम हरलं नाही तर?"

"तर शेवटची येते. सांगितलं ना आत्ताच."

हे पोर रडत नव्हतं, हट्ट करत नव्हतं, हिशेब सांगत होतं, आणि हिशेब बरोबर होता. आजोबा म्हणाले, "यंदा तू एकदा तरी पहिली येशील. खरी पहिली. कोणी मुद्दाम हरणार नाही. माझा शब्द."

आतून सूनबाईचा आवाज आला, "बाबा, शब्द देताना तोलून दिलात ना?"

आजोबांनी दुर्लक्ष केलं. त्यांच्या डोक्यात योजना तयार होती. प्रत्येक मुलाचा वेग आधी मोजायचा. जो हळू, त्याची सुरुवातीची रेष पुढे. जो वेगवान, त्याची मागे. म्हणजे तेरा वर्षांचा आणि तीन वर्षांचा एकाच शर्यतीत पळतील आणि जीव तोडून पळावं लागेल सगळ्यांनाच. खर्च काय, तर एक डबा फक्की. मैदानावर पांढऱ्या रेषा मारायला ती पुरे होती. पोती माळ्यावर होती, बटाटे आणि चमचे घरात होते. आणि बक्षीस म्हणून त्यांनी ट्रंकेतून काट्यावरची पितळी शिट्टी काढली. जो जिंकेल त्याने पुढची शर्यत शिट्टी वाजवून सुरू करायची. कंपासपेटीपेक्षा मुलांना हे बक्षीस मोठं वाटणार, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांना स्वतःलाही ते मोठं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मुंगीसकट आठही मुलांना पटांगणात बोलावलं. हातात घड्याळ, काखेत वही. आणि इथे आजोबांच्या हातून अशी चूक झाली जी काट्यावर नवशिक्यानेही केली नसती. मोजायच्या आधी त्यांनी सगळी पद्धत समजावून सांगितली. रेषा कशा ठरतील, कुणाला पुढे सोडणार, का सोडणार, सगळं. ऐकणारं कोणी मिळालं की आजोबांना राहवत नसे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लांब्याने हात वर केला. "म्हणजे आज जो हळू पळेल, तो रविवारी पुढून सुटेल?"

"बरोब्बर," आजोबा कौतुकाने म्हणाले. "हुशार आहेस."

त्यानंतर जे झालं ते पाहून कुणालाही या मुलांची काळजी वाटली असती. लांब्या लंगडत पळाला. दहा वर्षांच्या दोघी जुळ्या बहिणी एकमेकींचा हात धरून, गप्पा मारत, बाजाराला निघाल्यासारख्या पळाल्या. चष्मेवाल्याने मध्येच थांबून चष्मा पुसला. सगळे ज्याला गोळा म्हणत तो तीन वर्षांचा पोरगा अर्ध्या वाटेत बसून माती चिवडू लागला, पण तो नेहमीच तसा पळायचा. एकटी मुंगी मूठ आवळून, ओठ चावून, वाऱ्यासारखी सुटली. तिची चप्पल निसटली तर ती परत आली आणि म्हणाली, "आजोबा, हे खरं नाही धरायचं. पुन्हा मोजा." आणि दुसऱ्यांदा आणखी जोरात पळाली.

आजोबांनी सगळे आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि समाधानाने घरी आले. "पोरं हल्ली अगदीच अशक्त झालीत," ते जेवताना म्हणाले. "त्या लांब्याला काहीतरी टॉनिक दे."

रविवारी पटांगणात आठ पांढऱ्या रेषा होत्या. रेषा जाड आणि सरळ याव्यात म्हणून आजोबांनी फक्कीचा अख्खा डबा संपवला होता. सगळ्यांत पुढे गोळा, शर्यत संपायच्या रेषेपासून हातभर अंतरावर. त्याच्यामागे लांब्या आणि बाकीचे. आणि सगळ्यांत मागे, गुलाबाच्या कुंड्यांजवळ, एकटी मुंगी. तिला जरा नवल वाटलं, पण आजोबांनी मोजलंय म्हटल्यावर ती रेषेवर पाय टेकून उभी राहिली.

शिट्टी वाजली. लांब्याने सहा ढांगा टाकल्या आणि शर्यत संपली. जुळ्या बहिणींची तब्येत गुरुवारपासून चांगलीच सुधारली होती. चष्मेवाला तर चष्म्याशिवायच पोचला. गोळ्याला हातभर जायचं होतं, तो तोंड फिरवून कुंड्यांकडे चालू लागला आणि मुंगीला वाटेत भेटला. मुंगी शेवटून दुसरी, तीही गोळ्याच्या कृपेने. पोत्यांच्या शर्यतीत गोळा पळालाच नाही, त्यामुळे ती शेवटची. चमचा-बटाट्यात पुन्हा शेवटची. तिन्ही वेळा लांब्या पहिला, आणि आता तो शिट्टी तोंडातून काढायलाच तयार नव्हता.

सूनबाई सरबताचे पेले घेऊन आली आणि आजोबांच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा, पस्तीस वर्षांत किती ड्रायव्हरांनी फसवलं तुम्हाला?"

"एकानेही नाही."

"आज सहा जणांनी फसवलंय. आणि त्यांतल्या एकालाही अजून मिसरूड फुटलेलं नाही."

आजोबांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. क्लीनर, मेव्हणा, दोन पिंपं पाणी. सगळं त्यांच्या नाकासमोरून गेलं होतं आणि त्यांनी वर टॉनिक सुचवलं होतं. कानापर्यंत लाल होऊन ते कुंड्यांकडे गेले. मुंगीची रेष बुटाने पुसून चार पावलं पुढे ओढावी, कुणाच्या लक्षात येणार आहे, असं त्यांच्या मनात आलंही. त्यांनी पाय उचललासुद्धा. पण आकड्याशिवाय रेष सरकवायची म्हणजे गेल्या वर्षी लांब्याने केलं तेच, फक्त म्हाताऱ्या पायाने. त्यांनी पाय खाली ठेवला.

मुंगी मागेच उभी होती. "आजोबा, मी गुरुवारी दोनदा पळाले होते ना?"

"हो."

"मग मी एवढी मागे का?"

इतका वेळ उन्हात उभं राहून जे सुचलं नव्हतं ते शेवटी तोंडून निघालं. "मुंगे, मी फसलो. सगळे गुरुवारी मुद्दाम हळू पळाले."

तिने विचार केला. "गोळापण?"

"गोळा नाही. तो खराच तसा आहे."

"म्हणजे मी आणि गोळा फक्त खरे?"

"फक्त तुम्ही दोघं."

ती रडली नाही. तिने खाली मान घातली आणि चपलेच्या टोकाने फक्की उकरू लागली. ते पाहणं आजोबांना रडण्यापेक्षा जड गेलं. शब्द त्यांनी दिला होता आणि तो त्यांच्याच बडबडीने मोडला होता. त्यांनी उगाच वही उघडली, आणि बघतात तर काय, पानावर आजचे आकडे होते. आज पहिली शर्यत चालू असताना त्यांच्या हाताने सवयीने वेळ टिपली होती. कोण किती अंतर, किती सेकंदांत. काट्यावर एखाद्या गाडीचा संशय आला की ते माल उतरल्यावर तिला पुन्हा रिकामी तोलायचे. माणूस खोटं रिकामं वजन देऊ शकतो, पण त्या शिट्टीसाठी आज एकही मूल हळू पळालं नव्हतं.

"सगळे इकडे या," आजोबा म्हणाले. "आज पहिल्या शर्यतीत जो जसा पळाला, त्यावरून नव्या रेषा."

लांब्याने शिट्टी तोंडातून काढली. "पण गुरुवारी मोजलं होतं की."

"गुरुवारी तू लंगडत होतास."

"चप्पल चावत होती."

"आज कोणती घातलीस?"

लांब्याने पायांकडे पाहिलं. तीच होती. तो खजील होऊन हसला.

फक्की संपली होती, म्हणून आजोबांनी सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या. वहीत बघत, पावलं मोजत, ज्याची चप्पल त्याच्या जागी ठेवत गेले. लांब्याची चप्पल पार पाण्याच्या टाकीपाशी गेली. जुळ्यांच्या चपला त्याच्या थोड्या पुढे. मुंगीची चप्पल पटांगणाच्या मधोमध आली. मुंगी त्यांच्या मागे मागे फिरत प्रत्येक आकडा विचारत होती.

"माझ्यासाठी जास्त नाही ना सोडलं?"

"वही बघ."

तिने वही बघितली. भागाकार तिला अजून येत नव्हता, पण आकडे खोडलेले नाहीत एवढं तिने तपासलं.

शिट्टी लांब्यानेच वाजवली आणि तो असा सुटला की टाकीवरचे कावळे उडाले. जुळ्या बहिणी या वेळी हात सोडून पळाल्या. मुंगीने मागे पाहिलं नाही. शेवटच्या दहा पावलांत तिच्या मागे धपधप ऐकू येऊ लागली, जवळ, आणखी जवळ, आणि सूनबाईच्या हातातला पेला तिरका होऊन सरबत पायावर सांडलं तरी तिला कळलं नाही. रेष आली तेव्हा मुंगी लांब्याच्या हातभर पुढे होती.

लांब्या गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. "परत," तो म्हणाला. "परत पळायचं. माझा पाय घसरला. परत."

मुंगी त्याच्याजवळ गेली आणि खाली वाकून त्याचा चेहरा निरखू लागली. तिथे गोड हसू कुठेही नव्हतं. लांब्या खरोखर चिडला होता. त्याच्या नाकावरचा राग पाहून मुंगीच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं तसं आजोबांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

तिने शिट्टी घेतली, गळ्यात घातली, आणि आपल्या चपलांपाशी गेली. त्या उचलून तिने दोन पावलं मागे नेऊन ठेवल्या.

"अगं, हे काय?" आजोबांनी विचारलं.

"आता मी पहिल्या शर्यतीपेक्षा जोरात पळाले. मग माझी रेष मागे जाणार ना? तुम्हीच सांगितलं होतं."

पस्तीस वर्षं आजोबा काट्यावर बसले. स्वतःहून येऊन, साहेब, माझा आकडा चुकलाय, मला नुकसान होईल असा बरोबर लिहा, असं म्हणणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. वहीत लिहायला घेतलं तर आकडा नीट दिसेना.

"द्या, मी लिहिते," सूनबाई म्हणाली, आणि तिने वही त्यांच्या हातातून घेतली.

लांब्याने हे सगळं पाहिलं. तो टाकीपाशी गेला, आपल्या चपलांकडे बघत क्षणभर उभा राहिला, आणि मग त्याही एक पाऊल मागे सरकवल्या. एकच, फार नाही. मुंगीने गाल फुगवून शिट्टी वाजवली आणि सगळे पळाले.

संध्याकाळी न्हाणीघरात सूनबाई मुंगीचे पाय धूत होती. न्हाणीघराची कडी या वर्षी उघडीच होती. बाहेर खाटेवर आजोबा कान देऊन बसले होते.

"आई, नव्या रेषांवरून मी एकदा पहिली आले आणि एकदा चौथी."

"चौथी आल्याचं वाईट वाटलं?"

"नाही," मुंगी म्हणाली. "दोन्ही खरं होतं."