मरणाची पुंजी

माझ्या सासूबाईंनी मरणासाठी पैसे साठवले होते. डोंगरांतल्या आमच्या अत-बाशी गावात यात काही नवल नाही, इथली प्रत्येक म्हातारी तेच करते. मयताला येणाऱ्यांचं जेवण, त्यासाठी कापायची घोडी, बायकांना वाटायचं कापड हा सगळा भार मुलावर पडू नये, म्हणून पेन्शनीतलं थोडं थोडं बाजूला टाकायचं. सासूबाईंचे पैसे पत्र्याच्या पेटीत, कापडाच्या घड्यांखाली असत. पंधरा वर्षांत त्यांनी पायात नवे बूट घातले नाहीत. दाढ दुखली तर मिठाच्या पाण्यानं चूळ भरायच्या, पण पेटीला हात लावायच्या नाहीत. एवढं करून त्या निश्चिंत झाल्या म्हणावं, तर तेही नाही. मांसाचा भाव चढला की त्यांची झोप उडायची. मरण दरवर्षी महाग होत होतं.

गेल्या सप्टेंबरात तलासहून त्यांच्या बालमैत्रिणीचा, सोनुनमावशींचा फोन आला. लहानपणी या दोघी शाळेच्या वसतिगृहात एका खाटेवर झोपायच्या, पुढे मेंढ्यांची लोकर कातरायलाही दोघींची जोडी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सोनुनमावशी डोंगरांपलीकडे गेल्या, त्याला आता चोपन्न वर्षं झाली. मधे भेटल्या त्या दोनदा, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. फोनवर मावशींनी सांगितलं की एक डोळा गेला आणि दुसराही डॉक्टरांच्या मते फार दिवस टिकायचा नाही. मग यंदा राजमा चांगला आलाय म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "ओरोझबेक, सोनुन मेली तर मला नेशील का रे?"

"हे काय विचारणं झालं, आई? गाडी करून नेईन. मेंढा घेऊ बरोबर, चार माणसं घेऊ."

"मग मी आत्ताच जाऊन येते. आत्ता ती बोलेल तरी."

तो आधी हसला. थट्टा नाही हे कळल्यावर म्हणाला की गवत अजून रानात पडलंय आणि हातात पैसा नाही. तुझ्याकडे मागतंय कोण, असं म्हणून सासूबाईंनी पेटीकडे बोट केलं. तेव्हा मात्र तो उखडला. लोक काय म्हणतील, उद्या काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ, असं बरंच बोलला. त्यात रागापेक्षा भीती जास्त होती. आईच्या मरणाचा विषय निघाला की हा चाळिशीचा माणूस एवढासा होऊन जातो.

सासूबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या मयताला अख्खं गाव येईल, पोटभर जेवेल. तिथं मीच तेवढी नसेन, बाळा."

तो उठून गोठ्यात गेला. सकाळी गाडीवाल्याला फोन त्यानंच केला.

आम्ही दोघीच निघालो. एरवी गाडीत चार परक्यांच्या मधे दाटीवाटीनं बसणाऱ्या सासूबाईंनी अख्खी गाडी केली आणि स्वतः पुढे बसल्या. वाटेत सुसामिरच्या माळावर गाडी थांबवून घोडीचं आंबवलेलं दूध दोन वाडगे प्यायल्या, भावसुद्धा विचारला नाही. तलासच्या बाजारात त्यांनी डोक्याला बांधायचा रुमाल मागितला, लालभडक, मोठमोठ्या गुलाबांचा. आमच्याकडे म्हाताऱ्या पांढराच बांधतात. दुकानदारीण म्हणाली, सुनेला शोभून दिसेल.

"सुनेला नाही, मला हवाय."

गाडीत बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "तिला सगळं धूसर दिसतं म्हणाली. पांढऱ्या रुमालात मी तिला कुठं सापडणार?"

सोनुनमावशी फाटकाला धरून उभ्या होत्या. गाडीतून लाल काहीतरी उतरलेलं पाहून त्यांनी डोळा बारीक केला. "कोण गं ही नटवी? कालीचा? तूच असणार. असला आगाऊपणा दुसरं कोण करील?"

आमच्या घरात सासूबाईंना सगळे आई म्हणतात नाहीतर आजी. सासरे गेल्यापासून त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कालीचा म्हटल्याबरोबर त्या पळाल्याच. त्र्याहत्तराव्या वर्षी, जुन्या बुटांत.

मावशींनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला, थोडा डावीकडे घेतला. "हां, आता दिसलीस. म्हातारी झालीस गं."

"आणि तू काय नवरी दिसतेस?"

चार दिवस दोघी अंगणात राजमा सोलत बसल्या. कातरणीच्या शर्यतीत नक्की कोण जिंकलं होतं यावर भांडल्या, एका अंथरुणात झोपल्या. पंधरा वर्षांत मी सासूबाईंचं गाणं ऐकलं नव्हतं, ते तिथं ऐकलं. आवाज काही बरा नाही त्यांचा. निघताना दोघीही रडल्या नाहीत. रडले मी, आणि दोघी मला हसल्या.

गावात चर्चा झालीच. शेजारची बुरुल पाणी भरताना म्हणाली, "काकू, आपल्याच मयताचं जेवण खाऊन आलात म्हणे."

"चविष्ट होतं," सासूबाई म्हणाल्या.

जानेवारीत मावशींचा दुसरा डोळाही गेला. त्यांनी फोनवर स्वतःच सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं, रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि तुमच्याकडे बर्फ किती पडलंय ते विचारत राहिल्या. आता रोज संध्याकाळी फोन होतो. पेटीत पुन्हा थोडं थोडं पडतंय, पण मांसाच्या भावाची चौकशी त्या करत नाहीत.

परवा त्यांचं बोलणं संपल्यावर ओरोझबेक शेजारी येऊन बसला. मे महिन्यात कोकरांचं काम उरकलं की मीच तुला तलासला नेईन, म्हणाला. मग चाचरत त्यानं विचारलं, "आई, एका खाटेवर तुम्ही दोघी मावायचात कशा?"

सासूबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मी तलासला ऐकलेलंच होतं सगळं. तो पहिल्यांदा ऐकत होता.