चंद्राची डावी बाजू

मास्तरांचा राग कायम नाकावर. शिंपीकामात तो खपून जायचा, कारण गिऱ्हाइकाला कपडा हवा असतो, शिंप्याचा स्वभाव नको. घरात तो सांभाळून घेणारी एकटी बायको होती, ती गेली. मुलगी पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या देशात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. उरले मास्तर, शिलाई मशीन आणि दुकानामागची खोली. तिथे ते अजूनही चहाला दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे.

रविवारी दुपारी मुलीला फोन.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

एवढं झालं की दोघंही मूग गिळून गप्प. त्या गप्प बसण्याची मास्तरांना धास्ती वाटू लागली. असंच चाललं तर एक दिवस फोनच बंद होईल. म्हणून वाचनालयात चंद्राची माहिती देणारा वर्ग निघाल्याची पाटी दिसली तेव्हा, विषय तरी मिळेल म्हणून, त्यांनी नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि मास्तरांना पुरून उरणाऱ्या होत्या. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं मास्तर ठासून म्हणाले, तेव्हा बाईंनी त्यांना दिव्यासमोर चेंडू धरायला लावून गप्प केलं. पहिल्यांदा दोघं चंद्रावर उतरले तेव्हा तिसरा यानात एकटाच घिरट्या घालत होता, आणि यान चंद्रामागे गेलं की त्याचं पृथ्वीशी बोलणंही तुटायचं, हे बाईंनी सांगितलं. बाकीच्यांनी उतरलेल्या दोघांबद्दल विचारलं. मास्तरांनी विचारलं, "त्या तिसऱ्याला जेवण गेलं का हो?"

फोनला विषय मिळाला. मुलगीही रमली. मग ठरलं, अमावास्येनंतर चंद्र अर्धा होईल त्या दिवशी दोघांनी आपापल्या ठिकाणाहून तो बघायचा आणि एकमेकांना सांगायचं. तिकडे दिवस मावळलेला असतो तेव्हा इकडे दुपार असते, आणि अर्धा चंद्र दुपारीच वर आलेला असतो. मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "बोल, कोणती बाजू उजळलीय?"

"डावी, बाबा."

"डावी? अगं, उजवी! न बघता थापा मारतेस बापाला?"

"बघूनच सांगतेय. डावीच आहे."

"माझ्यासाठी मान वर करायलाही वेळ नाही तुला!" त्यांनी फोन आपटला. पुढचा महिनाभर केला नाही. तिचा आला तरी उचलला नाही.

पण राग काही जेवायला सोबत करत नाही. पुढचा अर्धा चंद्र आला तसा त्यांनीच फोन लावला. "कोणती बाजू?"

ती सांभाळून म्हणाली, "उजवी, बाबा."

"आता कसं!" मास्तर खूश. तेव्हापासून दर महिन्याला उजवी, आणि मग गप्पा.

थंडी सरता सरता बाईंनी वर्गात एक चेंडू आणला, उजवा अर्धा पांढरा, डावा काळा. "मास्तर, पाठ करून उभे राहा. आता वाका आणि पायांमधून बघा."

वर्ग हसला. पँटची उंची बघायला जन्मभर वाकलेले मास्तर गुडघ्याला शिव्या घालत वाकले.

"पांढरी बाजू कुठे?"

"डावीकडे."

"झालं तर. पृथ्वीच्या पार दक्षिणेकडची माणसं आपल्या मानाने उलटी उभी असतात. आपला उजवा अर्धा, तो त्यांचा डावा."

मास्तर उभे राहिले ते बाकाला धरूनच. समोर उभ्या गिऱ्हाइकाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे ज्यांना झोपेतही कळायचं, ज्यांच्या हातून एकही खिसा कधी भलत्या बाजूला गेला नव्हता, त्यांना हे सुचू नये? पोरीने खरंच बघितलं होतं. आणि मग इतके महिने उजवी, उजवी? म्हणजे नंतर तिने बघणंच सोडलं. बापाच्या तोंडावर त्याला हवं ते फेकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

चंद्र बघायचा ठरलेला दिवस आजच होता; घरी येताच त्यांनी फोन लावला. दुकानावर अर्धा चंद्र आलेलाच होता.

"कोणती बाजू?"

"उजवी, बाबा."

"खरं सांग."

मग ती म्हणाली, "डावी. गच्चीतच आहे मी. खोलीतून दिसत नाही, दर वेळी वर यावं लागतं."

"मग खोटं का सांगत राहिलीस?"

"तुम्ही पुन्हा फोन ठेवला असता. इथे मला दुसरं कोण फोन करतं, बाबा?"

मास्तर पायरीवर आले आणि मान वर करून चंद्राकडे बघत राहिले.

"बाबा? ठेवलात का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "नाही ठेवला, बाळा."