यादीतून गेलेले पक्षी

"पक्ष्यांच्या यादीत चष्मेवाला का नाही लिहिलात?" पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं.

"नाहीये म्हणून," वनरक्षक म्हणाला. "सहा वर्षं झाली, या जंगलात चष्मेवाला नाही."

"आत्ता बोलतोय. तुमच्या डोक्यावर."

"बाई, तीस वर्षं मोजतोय मी. मला शिकवू नका."

मोजायची रीत त्याचीच होती. ठरलेल्या झाडाखाली दहा मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून नावं लिहायची. डोळे फसवतात, कान फसवत नाहीत, असं तो येईल त्याला ऐकवायचा. त्याच्या यादीतून एकेक करत पाच बारीक पक्षी गेले, तेव्हा माणसांच्या वर्दळीमुळे गेले असा शेरा त्यानेच मारला. वरून हुकूम आला आणि जंगलातली पायवाट फाटक लावून बंद झाली. पलीकडच्या वस्तीला तेव्हापासून तीन तासांचा वळसा पडतो. त्याच वस्तीत त्याचा सख्खा धाकटा भाऊ राहतो. आई याच्याच घरी अखेरच्या घटका मोजत होती आणि धाकटा फाटकाशी हात जोडून उभा होता, तेव्हाही या पठ्ठ्याने त्याला परत फिरवलं. नियम म्हणजे नियम. भाऊ वळसा घालून पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. कीव यावी असा हा माणूस नाही.

बाईंनी दुर्बीण त्याच्या हातात कोंबली. फांदीवर हिरवट पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला पक्षी बसला होता. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. लांबचा कावळा वनरक्षकाला ऐकू येत होता. हा येत नव्हता.

"वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "पक्षी कुठंही गेलेले नाहीत. अहवालात लिहावं लागेल मला."

"मी लिहितो," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावाच्या दारात उभा राहिला. भाऊ अंगणात कोयत्याला धार लावत होता. बस म्हणाला नाही.

"वाट उघडेल आता," वनरक्षक म्हणाला. "पक्षी होतेच. माझे कान गेले होते. चूक माझी, असं लिहून दिलंय."

"आणि आईचं?"

"त्याला कागदात जागा नसते रे."

भावाने कोयत्याची धार अंगठ्याने तपासली. "मला वाट त्या दिवशी हवी होती, दादा. आता तू तिचं काय वाटेल ते कर." तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

फाटकाची किल्ली वनरक्षकाच्या खिशात होती. आतल्या पायवाटेने त्याची चौकी वीस मिनिटांवर. पण वाट उघडल्याचा हुकूम अजून निघाला नव्हता. तो फाटकापाशी थोडा वेळ थांबला, मग वळशाच्या रस्त्याला लागला. ऊन चढत होतं.