देवाच्या कानापुरतं

मी एक उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, गुडघ्याखालची. केल्डरिग गावच्या दगडी चर्चमध्ये, मागून तिसऱ्या बाकाच्या पाठीला पितळी हुकावर मी टांगलेली असते. प्रार्थनेची वेळ झाली की मला काढून खाली ठेवतात, माझ्यावर गुडघे टेकतात आणि मग माणसं देवाशी बोलतात. देव कुठे असतो ते मला ठाऊक नाही. पण त्याच्या आधी सगळं मला ऐकू येतं.

माझा जन्म एका हिवाळ्यातला. गावच्या बायकांनी ठरवलं, प्रत्येकीने चर्चसाठी एक उशी भरतकामाने सजवायची. कुणी मेंढी भरली, कुणी डॅफोडिलची फुलं. एकीने हट्टाने नवऱ्याचा ट्रॅक्टर भरला, तो अजून पुढच्या बाकावर लाल चाकांनिशी उभा आहे. माझ्या वाट्याला आला रेन, अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी, शेपूट वर करून बसणारा. मला भरलं एडनाने. पोटात घालायला काही हवं, म्हणून तिने तिच्या लेकीचे आखूड झालेले लोकरी स्वेटर कापून कोंबले. ती लेक म्हणजे हेदर.

म्हणजे हेदर मोठी झाली, आई गेली, आणि ती माझ्यावर गुडघे टेकू लागली, तेव्हा ती आपल्याच लहानपणावर टेकत होती. तिला ते माहीत होतं. टांगताना ती मला एकदा थोपटायची आणि पक्षी बाहेरच्या बाजूला येईल असं नीट लावायची. आमच्याकडे सगळ्या उशा तशाच टांगतात, चित्र बाहेर.

हेदर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा कॉलिन ब्लॅमायर दुधाचा टँकर चालवायचा. मुलगी टिली नऊ वर्षांची. टिलीच्या पाठीवरचा मुलगा जन्मण्याआधीच पोटात गेला, आणि त्यानंतर हेदर काही दिवस मनाच्या इस्पितळात होती. गावाला सांगितलं होतं की ती मावशीकडे गेली आहे. मग तिने बाटली जवळ केली. धुण्याच्या टोपलीत, टॉवेलांच्या खाली ठेवायची. हे तीन जणांना ठाऊक होतं. कॉलिनला, देवाला आणि मला.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, तेव्हा तिने नेम धरला. “चाळीस दिवस थेंब घेणार नाही,” ती माझ्यावर टेकून म्हणाली. “टिलीची शपथ.” तिच्या गुडघ्यांत मला कंप लागत होता. पण पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कंपही गेला. एका रविवारी ती हसली. प्रार्थनेत हसणारी माणसं थोडी असतात, त्यांचं ओझं हलकं लागतं.

तिसऱ्या आठवड्यात ती नाहीशी झाली.

सकाळी शाळेला म्हणून निघाली आणि पोचलीच नाही. तिचा निळा स्कार्फ पुलाच्या कठड्याला अडकलेला सापडला. सारं गाव शोधाला बाहेर पडलं. कुणी नदीकाठ धरला, कुणी रान. पोलीस आले, त्यांच्यामागून कॅमेरे आले. गावाच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं, म्हणून आमच्या धर्मगुरू, व्हिकारबाई जिल यांनी चर्च उघडून दिलं. आम्हा उशांच्या अंगावर माणसं चहाचे कप ठेवू लागली. त्याचं काही नाही. हेदर सापडावी, एवढंच आम्हालाही हवं होतं.

कॉलिनने पोलिसांना सगळं सांगितलं. माझ्याच बाकावर बसून सांगितलं. समोर एक पोलीसबाई होत्या, आवाज मऊ.

“काहीही लपवू नका,” त्या म्हणाल्या. “तिला शोधायला उपयोगी पडेल. हे आपल्यातच राहील.”

कॉलिनने टॉवेलांखालच्या बाटलीचं सांगितलं, इस्पितळाचं सांगितलं, न जन्मलेल्या मुलाचंही सांगितलं. “तिला कळलं मी बोललो, तर ती माझं तोंड पाहणार नाही,” तो म्हणाला.

“आधी सापडू दे. मग भांडा मनसोक्त,” पोलीसबाई म्हणाल्या, आणि कॉलिन त्या आठवड्यात पहिल्यांदा थोडासा हसला.

इकडे गावात कुजबुज वाढली. नवऱ्यानेच काही केलं, पोलीस झोपले आहेत. बाहेरगावची माणसं येऊन लोकांच्या अंगणात डोकावू लागली. तेव्हा पोलिसांच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं की खुलासा करायचा. चर्चमध्ये खुर्च्या मांडल्या. एका कॅमेऱ्याचं तिकाटणं डगमगत होतं. त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, मला हुकावरून काढलं आणि तिकाटण्याच्या आखूड पायाखाली सरकवलं.

साहेब वाईट नव्हते. कागद हातात धरून, दुःखी चेहऱ्याने बोलले. म्हणाले की हेदरला दारूची समस्या होती. मनाचा आजार होता, त्यासाठी ती इस्पितळात राहिली होती. मूल गेल्याचंही सांगितलं. म्हणून तिच्या जिवाला धोका आहे असं आम्ही पहिल्यापासून धरलं आहे, असं म्हणाले. त्यांना दाखवायचं होतं की पोलीस झोपलेले नाहीत.

जे ती डोळे मिटून, ओठ हलवत, फक्त देवाच्या कानापुरतं बोलायची, ते माझ्याच अंगावर उभं राहून कॅमेऱ्याने साऱ्या मुलखाला ऐकवलं. मी उशी आहे. मला अंग काढून घेता येत नाही.

माणसं पांगल्यावर कॉलिन साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

“तिला शोधा म्हणून सांगितलं होतं मी. जगाला सांगा म्हणून नाही.”

“अफवा थांबवायच्या होत्या, ब्लॅमायर. तुमच्यावरच संशय घेत होते लोक.”

“घेऊ द्यायचा होता,” कॉलिन म्हणाला. “मला चाललं असतं. ती जिवंत असेल, तर आता घरी कोणत्या तोंडाने येईल?”

साहेबांनी कागदाची घडी घातली.

मागच्या बाकावर बायका चहाचे कप गोळा करत होत्या. “मला कधीचं वाटत होतं,” मार्जोरी म्हणाली. “सारखी पेपरमिंट चघळायची ती. पोरांच्या जेवणाला हात लावायची, विचार करा.”

“तू गप बस, मार्जोरी,” विनी म्हणाली. विनी म्हणजे चर्चची फुलं बघणारी म्हातारी, एडनाची मैत्रीण. “तुझ्या कपाटातली शेरीची बाटली कोण संपवतं? मांजर?”

“मी आपली काळजीने बोलले.”

“तुझी काळजी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाते.”

पण विनी एकटी किती जणांची तोंडं धरणार? दुसऱ्या दिवसापासून शोधाला येणारी माणसं कमी झाली. डोंगरावरच्या जुन्या खाणीकडे जायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. प्यायलेली बाई, पुलावरून पडली असेल, असं म्हणून सगळे नदीकडेच वळले. कॉलिनच्या दारात रोज कुणी ना कुणी झाकलेलं भांडं ठेवून जायचं, खिमा-बटाट्याचं नाहीतर सुपाचं. तेही थांबलं. माणसं दुष्ट नव्हती. त्यांना आता काय बोलावं ते सुचत नव्हतं, एवढंच.

मग शनिवार आला. दुसऱ्या दिवशी आयांचा रविवार. उपवासकाळात आमच्याकडे फुलं नसतात, पण या एका रविवारी मुलं आपापल्या आईला डॅफोडिलचा छोटा गुच्छ देतात. ते गुच्छ विनी बांधते. देठं कापली की पाणी गळतं, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरते.

“हा पेपर घेतलास तू?” सोबतीच्या बाईने विचारलं.

“वाचायला नाही घेतला. दुकानात पडून राहिला असता तर चार जणांनी वाचला असता. घरातही नको वाटतो. म्हटलं, देठांखाली जाऊ दे.” विनीने तो पालथा अंथरला, हेदरचा फोटो आणि ती सगळी बातमी जमिनीकडे. वरून हिरवी देठं पडू लागली. गुच्छ हिरव्या सुतळीने बांधून तिने बादलीत ठेवले आणि दोघी जेवायला गेल्या. परत आल्यावर कचरा उचलू म्हणाल्या.

आमच्या चर्चला दिवसा कुलूप नसतं. बाजूचं दार वाजलं. पावलं ओळखीची होती.

हेदर होती ती. अंगाला चिखल आणि ओल्या लोकरीचा वास. दारूचा वास नव्हता. तिने मला हुकावरून काढलं, खाली ठेवलं आणि टेकली. तिकाटण्याचा खड्डा माझ्या अंगावर अजून होता. तिचा गुडघा नेमका त्याच खड्ड्यात बसला.

“देवा, नेम मोडला,” ती म्हणाली. “एका सकाळी मोडला. तशी शाळेत कशी जाऊ, म्हणून पूल ओलांडून वर खाणीच्या खोपटात गेले. उतरली की घरी जाईन म्हटलं. मग लाज वाटली. मग हेलिकॉप्टर फिरायला लागलं आणि अजून लाज वाटली. त्यानंतर थेंब घेतला नाही. उद्या टिलीच्या हातात गुच्छ असेल आणि तो द्यायला आई नसेल, ते मला सोसवणार नाही. मी जाते घरी. कॉलिनला माहीत आहे सगळं. बाकी कुणाला काय कळणार आहे? पाय मुरगळला होता म्हणेन.”

मी इतकी वर्षं माणसांच्या आशा पेलल्या आहेत, पण एवढी हलकी आशा कधी पेलली नव्हती.

ती उठली. समोर देठांचा पसारा दिसला. आयुष्य स्वयंपाकघरात गेलेली बाई ती, पसारा टाकून पुढे जाईल कशी? विनीला तेवढीच मदत, म्हणून तिने कागदाची टोकं धरून देठं एका बाजूला गोळा केली. कागद उलटला. तिचाच चेहरा वर आला.

ती उभ्यानेच वाचत राहिली. रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, “टिलीने वाचलं असेल.”

मग तिने कागद होता तसा पालथा अंथरला. देठं होती तशी वर पसरली. बादलीतला एक गुच्छ घेतला. मला उचलून थोपटलं आणि हुकावर टांगलं. पण पक्षी बाहेर नाही ठेवला. त्याचं तोंड लाकडाकडे केलं. ती दारापर्यंत गेली, तिची पावलं घराकडे नाही वळली, डोंगराकडे वळली. मी हाक मारली असती. उशीला हाक नसते.

विनी परत आली. “ही कुणी उलटी टांगली?” म्हणाली आणि मला सरळ केलं. देठं कागदात गुंडाळून टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी एक गुच्छ कमी पडला. विनीला वाटलं, आपलंच मोजायला चुकलं. टिली तिच्या वडिलांचा हात धरून उभी होती. विनीने स्वतःसाठी ठेवलेला गुच्छ तिला दिला. टिलीने तो हेदरच्या जागेवर, माझ्या शेजारी ठेवला.

पुढे खाणीच्या तळ्यात हेदर सापडली. निसरड्या काठावरून पाय घसरला असावा, असं चौकशीत म्हटलं. घसरला की नाही, ते मलाही ठाऊक नाही. तिच्या कोटाच्या खिशात कुजलेली देठं आणि हिरव्या सुतळीचा तुकडा निघाला. पोलिसांना वाटलं, घरच्या बागेतलं काही असेल.

चौकशीत ते वाचून दाखवलं, तेव्हा विनी तिथेच होती. ती संध्याकाळी चर्चमध्ये आली. तिची स्वतःची उशी पुढे आहे, मेंढीची. ती माझ्यावर टेकली.

“देवा, ती शनिवारी इथे आली होती,” विनी म्हणाली. “ती सुतळी माझी. तो कागदही मीच आणला होता. कुणी वाचू नये म्हणून आणला होता.” तिने पुढच्या बाकाची कड धरली. “कॉलिनला सांगितलं की ती तोवर जिवंत होती, तर तो कधी झोपणार नाही. नाही सांगितलं, तर मी झोपणार नाही. मग माझं वय झालंच आहे. मीच जागते.”

कॉलिन टिलीला घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेला. टँकर अजून चालवतो म्हणतात. मोठ्या साहेबांवरही चौकशी बसली. असं सांगायला नको होतं, असा ठपका आला. ठपका कुणाला घरी आणत नाही.

आता माझ्या पोटातली लोकर दबली आहे, मधला खड्डा भरत नाही. कधी ना कधी मला काढून नवी फोमची उशी ठेवतील. त्याआधी माझं एक मागणं आहे. कुणी तुमच्यावर विश्वास टाकून काही सांगितलं, तर ते जपा. त्या माणसाला परत यायची वाट त्यावरूनच जाते.

विनी अजून दर शनिवारी येते. फुलं असोत नसोत, माझ्याजवळ थांबते, थोपटते, आणि मला त्या दिवशीसारखीच, पक्षी लाकडाकडे करून टांगते. रविवारी व्हिकारबाई मला सरळ करतात. पुढच्या शनिवारी विनी पुन्हा वळवते.