माझा आतला कप्पा

मित्रांनो, दारामागे खिळ्याला टांगलेलं ते निळं, कळकट बोचकं दिसतंय ना, ती मी. बोचकं म्हटलेलं मला आवडत नाही, पण हल्ली सगळे तसंच म्हणतात. मुळात मी प्रवासाची सॅक आहे आणि ऐन उमेदीत मी परदेश पाहिला आहे. आता माझा एक पट्टा उसवलाय, बुडाला ठिगळ आहे आणि कुणी येणार असलं की मला पलंगाखाली सरकवतात.

माझा जन्म एका कारखान्यातला. मला शिवणारी बाई कमी बोलायची, पण माझ्या पट्ट्यांना तिने दुहेरी टीप मारली आणि वर ओढूनही पाहिली. आत, पाठीला लागून, तिने एक चोरकप्पा केला आणि त्याला रेनकोटच्या कापडाचं अस्तर लावलं. पुढे त्या कप्प्यानेच माझ्या जन्माचं सार्थक केलं.

मला विकत घ्यायला एक मुलगी आणि तिचे बाबा आले होते. बाबा छापखान्यात कामाला होते. मुलीचा पाय घरात ठरत नसे, म्हणून ते तिला भिंगरी म्हणत. आता तिला एकटीने परदेश हिंडायचा होता. घरी आल्यावर त्यांनी माझ्यात जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे भरले, मला पाठीवर घेतलं आणि स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारल्या. "पट्टे मऊ आहेत. बिनधास्त जा," ते म्हणाले. आई दारातून म्हणाली, "तुम्हीच चढवून ठेवलंय तिला डोक्यावर."

भिंगरी निघायच्या आधीच बाबा गेले. आजार लहानसा वाटला होता. जायचं की नाही हे ठरेना, आणि मला माळ्यावर टाकलं. मग एके दिवशी आईनेच मला माळ्यावरून काढलं आणि झटकून भिंगरीसमोर ठेवलं. भिंगरीने सगळं सामान भरलं आणि शेवटी, आईचं लक्ष नाही असं बघून, चोरकप्प्यात बाबांचा एक शर्ट ठेवला. तो न धुतलेला होता. त्याला शाईचा, रॉकेलचा आणि दाढीच्या साबणाचा वास होता. खिशावर शाईचा डाग होता.

तर असे आम्ही तिघं परक्या मुलखात हिंडू लागलो. तुम्ही विचाराल, तिथली भाषा तुला कशी कळली? सामानाला सगळ्या भाषा कळतात. बोलता एकही येत नाही, ही खरी अडचण.

भिंगरी लोकांच्या घरी उतरायची. मी माणसांना त्यांच्या बोलण्यावरून ओळखत नाही, मला कुठे ठेवतात त्यावरून ओळखते. एका पाव भाजणाऱ्याच्या घरी मला भट्टीजवळच्या उबदार फळीवर जागा मिळाली. एका मास्तरांनी तर स्वतःच्या आरामखुर्चीत मला बसवलं आणि आपण स्टुलावर बसून पेपर वाचला. त्यांच्या बायकोने भिंगरीला इतकं वाढलं, की ती नको नको म्हणायचे शब्द त्यांच्या भाषेत पहिल्याच दिवशी शिकली. ती रोज एकदा चोरकप्पा उघडायची, शर्टात नाक खुपसायची आणि घाईने चेन लावायची. मग तिला बरं वाटायचं.

एकदा डोंगरातल्या रस्त्यावर बसने जाताना मला टपावर बांधलं होतं. माझ्यावर टोमॅटोच्या पेट्या होत्या. वाटेत एक म्हातारी चार गाठोडी घेऊन उतरली. भिंगरीला राहवलं नाही. तिने दोन गाठोडी उचलली आणि म्हातारीच्या दारापर्यंत गेली. ड्रायव्हरला वाटलं, ही हिची नात, घरी पोचली. परक्या पाहुणीने गाठोडी वाहावीत, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्याने बस सोडली. मी टपावरून तिला हात हलवत धावताना पाहिलं आणि वळणावर ती दिसेनाशी झाली.

शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उरले. तोवर वरची पेटी फुटून टोमॅटोचा रस माझ्या पोटात उतरला होता. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला आणि मला घरी आणलं. त्याच्या बायकोला मी मनात काकू म्हणते. काकूंनी मला आधी स्वच्छ चटईवर ठेवलं आणि मगच नवऱ्याला झापलं.

"पोरीला रस्त्यात सोडलंत आणि सामान घेऊन आलात?"

"म्हातारीने ठेवून घेतलंय तिला. मी मागच्या बसवाल्याकडून निरोप घेतलाय. उद्याच्या गाडीने येईल," तो म्हणाला. "पण ही गळतेय गं. आतलं सगळं नासणार."

आता आली का पंचाईत! उघडलं तर परक्याच्या सामानाला हात लावल्यासारखं, न उघडलं तर कपडे गेले. काकूंनी शेजारच्या शिंपिणीला हाक मारली. "तू नुसती बसून बघ. उद्या कुणी बोट दाखवायला नको." मग एकेक वस्तू चादरीवर मांडत त्यांनी मला रिकामं केलं आणि बाह्या सारून धुवायला बसल्या.

चोरकप्प्यात रस गेला नव्हता. शर्ट कोरडा होता. तो त्यांनी बाहेर काढला.

"याला काही झालेलं नाही गं," शिंपीण म्हणाली.

काकूंनी तो हुंगला. "घामट आहे. आणि हा खिशावरचा डाग बघ. सगळं धुवायचं आणि हाच मळका परत द्यायचा? बरं दिसतं का?"

"अगं, राहू दे," ड्रायव्हर म्हणाला.

"पाहुणीचं काम अर्धं सोडत नसतात."

मित्रांनो, मी जन्मात इतकी कधी तडफडले नाही. ओरडायला तोंड नव्हतं. काकूंनी त्या डागाला लिंबू लावलं, मीठ चोळलं, पुन्हा धुतलं, पुन्हा चोळलं. उजेड जाईपर्यंत त्या एका खिशाशी झटत होत्या. मग त्यांनी मला उचललं. माझ्या मोठ्या पोटातला रस ओल्या फडक्याने पुसून काढला, पण मला पाण्यात घातलं नाही. "ही जाड आहे, सकाळपर्यंत वाळायची नाही. पोरीच्या पाठीला ओल लागेल," त्या म्हणाल्या आणि चोरकप्प्याची चेन तशीच ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली. गल्लीत आपले काही कपडे अजून दोरीवर पाहून ती आधी दचकलीच. काकूंनी तिला हाताला धरून आत आणलं आणि इस्त्री केलेली चवड तिच्यापुढे ठेवली. सगळ्यात वर शर्ट होता, खिसा वर करून. जिथे डाग होता तिथे काकूंनी बोट ठेवलं आणि हसल्या.

भिंगरीने शर्ट नाकाशी नेला. नुसता साबण. ती शर्ट तसाच नाकाशी धरून चटईवर बसली.

"काही चुकलं का माझं?" काकूंनी बघायला आलेल्या शिंपिणीला विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

भिंगरीने वर पाहिलं. काकूंची बोटं लिंबाने चुरचुरून लाल झाली होती. ती त्या बोटांकडे बघत राहिली. मग डोळे पुसून त्यांच्या भाषेत म्हणाली, "फार छान झालाय." आणि आजवर जपून ठेवलेला तो शर्ट तिने तिथेच अंगात घातला. बाह्या लांब होत्या. काकूंनी त्या दुमडून दिल्या. सामान सापडलं म्हणून पोर रडली, असंच त्या घरात सगळे आजही समजत असतील, आणि तसंच समजावं.

पुढच्या बसमध्ये भिंगरीने कंगवा ठेवायला माझा चोरकप्पा उघडला. उघडला आणि थांबली. शाई, रॉकेल, दाढीचा साबण. इतके दिवस शर्ट ज्या अस्तराला चिकटून होता, त्या अस्तराने तो वास धरून ठेवला होता. तिने डोकंच माझ्यात घातलं. कंडक्टरला वाटलं हिला बस लागली. त्याने बिचाऱ्याने कागदी पिशवी आणून दिली.

त्याला बरीच वर्षं झाली. भिंगरी आता नोकरीला दुसऱ्या गावी असते. परवा आईने घर आवरायला काढलं. "हे बोचकं एकदा धुऊन तरी टाकते," म्हणत तिने मला बादलीपर्यंत नेलं. आत काही राहिलंय का बघावं म्हणून चोरकप्प्याची चेन उघडली, हात घातला आणि बाबांचा वास वर आला. ती मला मांडीवर घेऊन बाथरूमच्या दारात खाली बसली. बादली भरून वाहू लागली तरी तिला पत्ता नव्हता. मग तिने नळ बंद केला आणि मला परत खिळ्याला लावलं.

भिंगरीला तिने हे सांगितलेलं नाही. भिंगरी सुट्टीला येते तेव्हा आई बाजारात गेली की माझ्याजवळ येते. ती गेली की आई येते. हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं दोघींनाही वाटतं.

वास मात्र थोडा थोडा उडतोय, मित्रांनो. म्हणून मला घासूनपुसून लख्ख करा असं मी म्हणणार नाही. एखादी जुनी वस्तू पाण्यात घालण्याआधी ती कुणाची आहे एवढं विचारा. आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर चोरकप्प्याची चेन हल्ली पूर्ण लागत नाही, तेवढी नीट करून द्या. बाकी मी कळकटच बरी.