मुराळ्याची मोटार

माणिकराव देशमुखांची मोटार पुलावरून खाली कोसळली, त्याला दोन पावसाळे झाले होते. ड्रायव्हर वाचला, पण मोटारीचं वरचं अंग पार चेपून गेलं. बैलांनी ओढून आणलेलं ते धूड गोठ्यामागं पडलं होतं आणि कोंबड्या त्यात खुशाल अंडी घालत होत्या. सटवाजी सुतार नवं जू पोचवायला आला, तेव्हा त्यानं सहज त्या सांगाड्यावर पाय दिला. सांगाडा खाली गेला आणि अलगद वर आला. त्यानं पुन्हा पाय दिला. मग पुन्हा. बघणाऱ्याला वाटावं, हा बाबा पाळणाच हलवायलाय.

"काय बघायलास रे?" माणिकरावांनी ओसरीवरून हाक दिली.

"मालक, हिच्या कमानी लय मऊ हाईत. ही मोटार मला द्या."

"तुला? मोटार?" माणिकराव पोट धरून हसले. "ने बाबा. कोंबड्यांना तेवढं इचार."

कोंबड्यांची काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्यांनी ते धूड सटवाजीच्या अंगणात आलं, आणि सेलूच्या बाजारापर्यंत बातमी गेली की सुताराला येड लागलं.

येड होतं खरं, पण ते मोटारीचं नव्हतं. सटवाजी रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. थोरली बहीण बायनाबाई तेव्हा सात वर्षांची. तिनंच त्याला कडेवर वागवलं, घास भरवले, आणि सासरी जाताना त्याच्याहून जास्त तीच रडली. सासर चार कोसांवर. दर आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सटवाजी मुराळी होऊन जायचा, बहिणीला छकड्यात बसवून माहेरी आणायचा. सात वर्षांमागं ती कडब्याच्या गंजीवरून पडली आणि तिची पाठ कायमची अधू झाली. एकदा छकड्यात गवत, वाकळा, गाद्या घालून आणू पाहिलं. शिवेवर पोचेतो तिची शुद्ध गेली. छकडा माघारी फिरला.

कुणी म्हणालं, बाजेवर घालून चौघांनी उचलून आणा. त्यावर बायनाबाई कडाडली होती, "चौघाच्या खांद्यावर माणूस एकदाच जातंय. जित्तेपणी मला कुणी उचलाया आलं तर वरवंटा फेकून मारीन!"

यंदा शिवरात्रीला भाऊ भेटायला गेला, तेव्हा मात्र ती हळू आवाजात बोलली. "सटवा, औंदाची आखिती मला माहेरात घालू दे. फुडच्या आखितीचं मी बोलत न्हाई."

एवढंच बोलली ती. सटवाजीनं दिवस मोजले. दोन महिने आणि वर चार दिवस.

चेपलेला पत्रा त्यानं छिन्नीनं तोडून काढला. इंजिन बघायला चंद्रभान यायचा. तो सेलूच्या जिनिंगमधला फिटर, लांबच्या नात्यानं भाचा. सुट्टीच्या दिवशी चालत यायचा, इंजिनाचे अवयव गोणपाटावर मांडायचा, रॉकेलनं धुवायचा, पुन्हा जागच्या जागी बसवायचा. सांगाड्यावर सटवाजीनं बाभळीचा साटा चढवला, छकड्याला चढवतात तसाच, आणि साट्याच्या मधोमध बहिणीसाठी सुंभाची बाज विणली.

येणारे-जाणारे कुंपणाशी थांबत.

"सटवाजी, बैल कोन्या अंगानं जुंपायचे?"

"ही कडबा खाती का सरकी?"

एकजण शहाणपणानं म्हणाला, "अरे, त्या कमानी काढ अन् छकड्याला लाव की!"

"लावून बघितल्या," सटवाजी रंधा न थांबवता म्हणाला. "खालचा धक्का गेला. पर बैलाचा हिसका जुवातून पाठीत शिरतोच."

आखितीला दहा दिवस उरले. चंद्रभाननं हँडल मारलं आणि मोटार खोकली, थरथरली, चालू लागली! सपाट वाटेवर गावची कुत्री मागं पडली. पण ओढ्याचा चढ आला आणि मागची चाकं जागीच गरगर फिरू लागली. चंद्रभाननं तीनदा नेली, तीनदा तेच झालं. चौथ्यांदा लोकांनी ढकलून घरी आणली, हसत हसत.

चंद्रभाननं दोन दिवस इंजिन खोललं, जोडलं. "मामा, इंजिनात खोट न्हाई. कुठं हाय ते मला सांगता येईना."

सटवाजी चंद्रभानला आणि मोटारीला घेऊन पुन्हा ओढ्यावर गेला आणि तिच्या मागं वाळूत उकिडवा बसला. "घाल चढाला," म्हणाला. चाकं फिरली, वाळूचा फवारा थेट त्याच्या तोंडावर आला. तो हलला नाही. पुढची चाकं निमूट उभी होती. फिरत होती ती मागचीच.

"बंद कर!" तो ओरडला. कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःशीच हसला.

तीस वर्षं त्यानं छकडे केले होते. छकडा मागं उलाळला की बैलांच्या गळ्याला फास लागतो, म्हणून प्रत्येक छकडा तो जुवाकडं थोडा जड ठेवायचा. हाताला तीच सवय. मोटारीलाही त्यानं जाड बाभूळ पुढं घातली होती आणि मागं टोपलीसारख्या हलक्या कामट्या.

"चंद्रभान, हिचा बैल मागं हाय रे! अन् म्या येडपटानं त्याच्याच खांद्यावरलं वझं काढून घेतलं. पाय रोवंल कसा तो?"

"मग सारा साटा उतरवावा लागंल," चंद्रभान म्हणाला. "आठ दिसांत न्हाई व्हायचं, मामा. फुडच्या आखितीला—"

"फुडची आखिती तिनं मागितली न्हाई."

साटा उतरला. हातभर मागं सरकला. जाड फळ्या मागं गेल्या. तरी सटवाजीला वजन कमीच वाटलं. तेव्हा नर्मदाबाई, त्याची बायको, घरातून जात्याची खालची तळी लोटत लोटत घेऊन आली.

"अगं, दळण?" सटवाजी म्हणाला.

"शेजारी दळीन. नणंद माही पण हाय म्हणलं." आणि शेजारणीच्या जात्यावर बसून तिनं ओवी बांधली:

*मुराळी आला बाई, हाती त्याच्या न्हाई कासरा*
*बिनबैलाच्या गाडीला, माह्या जात्याचा आसरा*

आखितीच्या आदल्या सकाळी मोटार बायनाबाईच्या दारात उभी राहिली. सारं गाव लोटलं. बायनाबाईनं उशीवरून मान उचलली. "सटवा, दाढी तरी करून यायचं की रे मुराळ्यानं!"

त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं. ती अगदी हलकी झाली होती. बाजेवर निजवून तो तिच्या उशाशी बसला. चंद्रभाननं मोटार माणसाच्या चालीनं काढली.

पहिल्या खाचेला तिनं ओठ दाबले.

"थांबव!" सटवाजी ओरडला. "अक्का, दुखतंय का?"

"दुखतंय की."

"मग माघारी..."

"माघारी वळलास तर बघ!" तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "जीव जायाजोगं न्हाई दुखत. गाडी हाक म्हण त्याला."

पुढं ओढा आला. चंद्रभाननं मागं वळून पाहिलं. सटवाजीनं मान हलवली. चढावर चाकं क्षणभर घसरली, वाळू उडाली, मग मागच्या चाकांनी पाय रोवले आणि मोटार हुंकारत वर निघाली. बायनाबाईनं डोळे मिटले नाहीत. ती वर बघत होती, पळसाच्या फांद्या मागं मागं जात होत्या.

दारात नर्मदाबाईनं भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. सटवाजीनं बहिणीला उंबऱ्याशी टेकवून बसवलं. तिनं घराकडं, अंगणाकडं डोळे भरून पाहिलं. मग उंबऱ्यावर हात फिरवला. बोटं एका खोलगट जागी थांबली.

"सटवा."

"काय अक्का?"

"मुलखाचे छकडे करतूस, मोटारी करतूस. अन् सुताराच्या घरचा उंबरा असा झिजलेला? लाज न्हाई वाटत?"

"करतो, अक्का."

"करतो न्हाई. उद्या कर. मी हितंच बसते बघत."