पाळकाच्या डाव्या हाताला

"हात वर करू करू खांदे गेले माह्ये. अजून किती उंच करू, छपराच्या कवेलूले लावू काय?"

भागाबाईची ही कुरकुर बयनाबाईच्या अगदी कानाशी झाली. चर्चमधल्या चटईवर सगळ्या बाया गुडघ्यांवर होत्या आणि बुधवारची प्रार्थना दीड तास चालली होती. बयनाबाईला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं आणि तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं आवाज उठला.

लक्ष्मणराव बोलत होते. चर्चच्या मंडळीतले थोरले वडील, म्हणजे मुख्य पंच, सत्तरीचे, एरवी सुपारी कातरताना सुद्धा विचार करून बोलणारा माणूस. आज त्यांचे डोळे मिटलेले, दाढी थरथरत होती आणि तोंडातून भराभर काहीतरी वाहत होतं. मराठी नाही, तेलुगू नाही, हिंदीही नाही.

"हालेलुया!" देवदानम पाळक ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. महिनाभर हा तरुण पाळक याच क्षणाची वाट पाहत होता. पवित्र आत्मा उतरला की माणूस अन्य भाषेत बोलतो, हे चिन्ह या मंडळीत का दिसत नाही, म्हणून तो उपास करत होता. आणि आज दिसलं, तेही थोरल्या वडिलांत.

मग सवयीनं सगळ्यांच्या माना बयनाबाईकडे वळल्या.

सवय जुनी होती. जैनथजवळच्या या गावात चटईच्या एका बाजूला मराठी माणसं बसत, दुसऱ्या बाजूला तेलुगू. पाळक कुठल्याही भाषेचा येवो, त्याच्या डाव्या हाताला बयनाबाई उभी राही आणि त्याचं वाक्य संपलं की पलीकडच्यांना त्यांच्या भाषेत देई. एकवीस वर्षांत तिनं एक शब्द गाळला नव्हता. एका पाळकाला मध्येच शिंक आली, तर "पाळकसाहेबाले शिंक आली" हेही तिनं सांगितलं होतं.

"अम्मा," पाळक तेलुगूत म्हणाले, "अर्थ सांगण्याचंही दान असतं. तुम्हाला काही कळलं?"

बयनाबाईला सगळं कळलं होतं.

ती भाषा कोलामी होती. डोंगरातले कोलाम बोलतात ती. लक्ष्मणराव म्हणत होते, 'पांढऱ्या, इकडे सरक. तांबड्या, मेल्या, चिखलात नको शिरू. वळ, वळ, पाणी पाजतो तुला. हुर्र!' लक्ष्मणराव जवानीत चार वर्षं कोलामांच्या पाड्यावर राहून सरकारी जंगलातले बांबू बैलगाडीनं ओढत होते. मंडळीतल्या फार कमी लोकांना ते ठाऊक होतं, आणि कोलामी तर या दोघांशिवाय कुणालाच येत नव्हती.

तिनं लक्ष्मणरावांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले नव्हते, पण कान लाल झाले होते.

"माह्याच्यानं सांगनं व्हत नाई," ती म्हणाली, आणि तेच तेलुगूतही दिलं.

बयनाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होती. शाळेत ती गेली नव्हती. भाषा तिला खाटेवरून मिळाल्या. बाळंतपणाच्या कळा येणारी बाई व्याकरण सांभाळत नाही. ती आपल्या आईच्या बोलीत ओरडते आणि उशाशी बसलेल्या बाईला ते समजावंच लागतं. तेलुगू तिला अशीच आली, गोंडी आणि कोलामी तशीच, निजामाच्या अमलातली कचेरीची उर्दू अंमलदारांच्या बायकांकडून. निजाम गेला, त्याला आठ वर्षं झाली. आता या नोव्हेंबरच्या एक तारखेला नकाशाही बदलला. किनवट मुंबई राज्यात गेलं, आदिलाबाद आंध्रात राहिलं. तिची धाकटी बहीण किनवटला. रात्रीतून ती दुसऱ्या राज्याची झाली, आणि दोघींनाही त्यासाठी उठून बसावंसुद्धा लागलं नाही.

मंडळ्यांचीही वाटणी झाली. जुने मराठी पाळक किनवटकडे गेले. इकडे समुद्रकाठच्या गावचे देवदानम आले, सायकलवरून, एक पेटी आणि एक छत्री घेऊन. मराठी त्यांना 'बसा' आणि 'पाणी' एवढंच येई. माणूस खरा होता. तापानं फणफणलेल्या आईच्या उशाशी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ती अन्य भाषा आली होती, आणि आई शांतपणे गेली होती. ते सांगताना आजही त्यांचा आवाज फाटे. म्हणूनच त्यांना वाटे, हे सगळ्यांना मिळावं. आणि म्हणूनच गुरुवारच्या सभेत त्यांनी जाहीर केलं: रविवारच्या प्रभुभोजनापासून, ज्याला चिन्ह मिळालं तोच वेदीजवळ उभा राहील.

हे तेलुगू वाक्य बयनाबाईनंच मराठीत दिलं. स्वतःला काढून टाकण्याचा हुकूम तिनं शब्द न गाळता वाचावा तसा सांगितला.

"मंग आमाले कोन सांगंन?" भागाबाई उसळली. "आमी काय इतवारी येऊन खांब पाहाचे?"

"हळूहळू तेलुगू शिकतील," बयनाबाईनं तेही तेलुगूत दिल्यावर पाळक म्हणाले. "आता राज्याचीही तीच आहे."

सभा संपल्यावर ते तिच्याजवळ आले. "अम्मा, रागावू नका. तुम्ही यावर विश्वास ठेवत नाही का?"

"ठेवते, अय्यगारू. पाहिलंय मी एकदा. म्हणून तर नक्कल करवत नाही."

तिनं सोजरबाईला पाहिलं होतं. सोजरबाई चर्चचे कंदील पुसायची. मूल गेल्यापासून ती कुणाशी दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. एका सकाळी बयनाबाई विसरलेली छत्री घ्यायला आली, तर सोजरबाई काच पुसता पुसता हलक्या आवाजात बोलत होती. बयनाबाईला येणाऱ्या सगळ्या भाषा तिनं मनातल्या मनात लावून पाहिल्या; त्यातली ती एकही नव्हती. पण ताप उतरलेल्या माणसाचा चेहरा तिला ओळखता येई, आणि सोजरबाईचा चेहरा तसा झाला होता. अर्थ विचारावा असं तिच्या मनातही आलं नाही. या बुधवारच्या आधी एकवीस वर्षांत तेवढी एकच गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सोजरबाईनं महिनाभराच्या प्रार्थनेत एकदाही हात वर केला नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

शुक्रवारपर्यंत आणखी सात जणांना चिन्ह मिळालं. सगळ्यांचा सूर लक्ष्मणरावांसारखाच होता. एकानं तर शेवटी तसंच 'हुर्र' केलं.

आपणही प्रयत्न करून पाहावा म्हणून बयनाबाई शुक्रवारी दुपारी घरी दार लावून गुडघ्यांवर बसली. जीभ सैल सोडली. डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग आतून आलं ते असं: तेलुगूत 'जोर लाव', गोंडीत 'जोर लाव', कोलामीत 'झालंच बघ आता', उर्दूत 'शाबास'. ती एकटीच इतकी हसली की शेजारणीनं भिंत वाजवली. "काऊन वो, बरी हायेस ना?"

"बरी हावो बाई. जचकी झाली," बयनाबाई म्हणाली. पण डोळे पुसताना तिला कळलं की आपण नुसतं हसत नव्हतो. ती जागा तिला हवी होती. पाळकाच्या डाव्या हाताची, दोन पावलांची जागा. दुनियेत तिची म्हणावी अशी तेवढीच होती.

शनिवारी लक्ष्मणराव दवाखान्यात आले. "कान दुखून राह्यला," म्हणाले.

बयनाबाईनं कान उजेडाकडे वळवला. "काई नाई कानात, दादा."

"मंग दुसरा पाह्य."

दुसऱ्यातही नव्हतं. म्हातारा स्टुलावरून उठेना. धोतराचा सोगा बोटाला गुंडाळत राहिला. "बयना, त्या दिसी मी बोललो... तुले त्यातलं काई समजलं काय?"

"माह्या समजन्याचं काय घेऊन बसले, दादा? तेल टाकू कोमट?"

"वीस वर्सं थोरला वडील हावो मी. त्या पाळक पोराचे डोये माह्यावरच लागून राहात. रोज. थोरल्यालेच आलं नाई त..." त्यांनी सोगा सोडला. "टाक तेल."

तिनं दोन थेंब टाकले, कापूस लावला. दुखत नसलेल्या कानाला तिनं इतक्या हळुवारपणे हात लावला की लक्ष्मणराव मान खाली घालून निघून गेले.

रविवारी चर्च भरलं. वेदीवर पांढरं कापड, भाकरीच्या तुकड्यांचं ताट, मनुकांच्या रसाचा पेला. बयनाबाई नेहमीच्या जागी उभी होती. पाळकांनी हळू आवाजात विचारलं, "मिळालं का, अम्मा?"

"नाही, अय्यगारू."

ती खाली उतरली. बायांनी सरकून जागा केली. गरजेपेक्षा जरा जास्तच केली. सोजरबाईनं तिचा हात धरला आणि सोडला नाही.

पाळक बोलू लागले. तेलुगू बाजूच्या माना हलत होत्या. मराठी बाजू नुसती पाहत होती. एक वाक्य संपलं, पाळक थांबले. रोजची सवय, तिथे दुसरा आवाज येत असे. आज तिथे नुसता खड्डा. दुसरं वाक्य. पुन्हा तो खड्डा. भागाबाई मोठ्यानं म्हणाली, "खांब चांगला हाये हो. चुना नवा हाये."

भाकरी वाटायला लक्ष्मणरावांनी ताट उचललं. दोन पावलं चालून ते थांबले, आणि ताट परत वेदीवर ठेवलं.

"अय्यगारू, मले बोलाचं हाये."

पाळकांना कळलं नाही. त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्यांची नजर चटईवर गेली, बायांच्या गर्दीतून एका चेहऱ्यावर थांबली.

"अम्मा," ते म्हणाले. "इथे या."

बयनाबाई उठली. मधल्या वाटेनं ती वर गेली आणि तिच्या दोन पावलांच्या जागेवर उभी राहिली. मराठी बाजूची चटई अशी सळसळली की जणू सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला.

"मी भेलो व्हतो," लक्ष्मणराव म्हणाले.

तिनं तेलुगूत दिलं. खणखणीत; बाळंतिणीच्या खोलीतला आवाज होता तो, पार दाराबाहेर जाणारा.

"थोरला वडील असून माह्या हाती काई नाई, असं लोकं म्हनतीन, म्हनून भेलो."

तेही दिलं.

"अन्‌ बयनाले बुधवारीच समजलं व्हतं. तिनं मले झाकलं. तिची जागा गेली, तरी झाकलं."

बयनाबाई थांबली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"काय म्हणाले?" पाळकांनी विचारलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "राहू द्या ना आता."

"काऊन राहू देऊ? साऱ्या पाळकायचा एक शब्द खाल्ला नाई तू. त्यायची शिंकबी सांगतली. माहाच काऊन खातं?" लक्ष्मणरावांनी कानातला कापूस काढला आणि मान वर केली. त्या सात जणांपैकी कुणी वर पाहत नव्हतं. "सांग त्यायले. मले काई दान भेटलं नाई. मी कोलामायच्या बोलीत बैलं हाकून राह्यलो व्हतो."